दलदलीतलं भात आणि सासूबाईंचं सूप

भातकापणी उरकली असेल, कुणाकडे झोडणी चालू असेल, म्हणून आज भाताचीच गोष्ट सांगायला बसले आहे. पण ही आपल्या खारेपाटातल्या भाताची नाही. अमेरिकेच्या दक्षिणेला साउथ कॅरोलायना नावाचं राज्य आहे, तिथली आहे. इतिहास विषय घेऊन मी बी.ए. केलं, तरी ही गोष्ट मला कधी शिकवली गेली नव्हती. ती मला नीट कळली माझ्या सासूबाईंमुळे, ज्यांना अक्षर वाचता येत नाही.

माझे धाकटे दीर त्या राज्यातल्या कोलंबिया शहरात नोकरीला आहेत. गेल्या मार्चमध्ये त्यांनी आईला बोलावून घेतलं, आणि सोबत म्हणून मला. व्हिसाचा अर्ज मीच भरला होता. त्यात ‘व्यवसाय’ असा रकाना होता. सासूबाईंच्या नावापुढे मी ‘गृहिणी’ असं लिहून टाकलं आणि पुढच्या रकान्याकडे वळले. हा रकाना लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एका शनिवारी दीर, जाऊबाई, पाच वर्षांचा पुतण्या, सासूबाई आणि मी असे पाचजण गाडीने निघालो. सकाळी दलदल बघायची, दुपारी चार्ल्सटन नावाचं जुनं शहर, रात्री घरी, असा बेत. अलिबागहून पुण्याला जावं इतकं अंतर, पण घाट नाही की वळण नाही. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना पाइनची झाडं, आणि मधेच झाडांच्या बुंध्याशी काळं पाणी साचलेलं दिसायचं. सासूबाई म्हणाल्या, “गो, इथं पाऊस कधी झाला?” पाऊस नव्हता झाला. तो सगळा प्रदेशच तसा आहे. नद्या संथ, जमीन सपाट, पाण्याला पुढे जायची घाई नाही.

मंक्स कॉर्नर गावाजवळ सायप्रस गार्डन्स नावाची जागा आहे. चार्ल्सटनच्या उत्तरेला साधारण चाळीस किलोमीटर. तिथे सपाट बुडाची होडी घेऊन दलदलीत फिरता येतं. दीर वल्हे मारत होते, पुतण्या मगर शोधत होता. पाणी कोऱ्या चहासारखं. झाडांची पानं आणि साली कुजून त्याला तो रंग येतो, पाणी घाण नसतं. सायप्रसची झाडं त्या पाण्यात उभी, बुंधे खाली सुजलेले, आणि आजूबाजूला त्यांची मुळं गुडघ्यासारखी वर आलेली. आपल्या तिवरांच्या मुळांची आठवण झाली. फांद्यांवरून करड्या रंगाचं शेवाळासारखं काहीतरी जटांसारखं लोंबतं. काठावर फुलांचे ताटवे. जाऊबाई फोटो काढत होत्या, मी “काय निसर्ग आहे” असं काहीतरी बोलले.

सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग काठाकडे बोट करून म्हणाल्या, “ह्यो बांध कुणी घातला?”

मला बांध दिसलाच नव्हता. गवत आणि झाडं वाढलेला एक उंचवटा होता, एवढंच. पण तो सरळ रेषेत होता. ज्या बाईनं आयुष्यभर खारबांधावर माती टाकली, खांड पडली की रात्री कंदील घेऊन धावली, तिला सरळ उंचवटा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही.

त्यांचं बरोबर होतं. ही दलदल आपोआप झालेली नाही. इथे डीन हॉल नावाचा भाताचा मळा होता, आणि आम्ही जिच्यात होडी फिरवत होतो ती त्या मळ्याची पाण्याची साठवण होती. बांध घालून गोडं पाणी अडवायचं, आणि खालच्या शेतांना लागेल तसं सोडायचं. विसाव्या शतकात त्या साठवणीची बाग झाली, लोक तिकीट काढून येऊ लागले. भात गेलं, बांध राहिले.

आता थोडा इतिहास. इंग्रजांनी १६७० साली इथे वसाहत केली आणि राजा चार्ल्स दुसरा याच्या नावावरून गावाचं नाव ठेवलं. पुढे दहा वर्षांनी गाव दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या जमिनीवर हललं, तेच आजचं चार्ल्सटन. सुरुवातीला तिथले गोरे लोक कातडी, लाकूड, गुरं असं काय काय विकून बघत होते. मग भात सापडलं, आणि अठराव्या शतकात चार्ल्सटन अमेरिकेतल्या सगळ्यात श्रीमंत गावांपैकी एक झालं. तिथल्या ‘कॅरोलायना गोल्ड’ भाताला युरोपात मोठी मागणी होती. गोल्ड अशासाठी, की पिकल्यावर लोंबी सोन्यासारखी दिसे.

मग हे भात त्यांना कुणी शिकवलं? जुनी गोष्ट अशी सांगतात, की १६८५च्या सुमाराला मादागास्कर बेटाकडून आलेलं एक जहाज दुरुस्तीसाठी बंदरात थांबलं आणि कप्तानानं गावातल्या एका डॉक्टरला बियाण्याची पिशवी दिली. झालं, भातशेती सुरू! मी ही गोष्ट सासूबाईंना होडीतच सांगितली. त्या हसल्या. म्हणाल्या, “बी दिलंन, पण खाचर कुणी दिलंन?”

मैत्रिणींनो, हाच प्रश्न इतिहासकारांनी १९७४ साली विचारला. पीटर वूड नावाच्या इतिहासकाराने दाखवलं की इंग्लंडातून आलेल्या मळेवाल्यांना भातशेतीची काही माहिती नव्हती. गहू-बार्लीच्या देशातली माणसं ती. भाताची माहिती होती ती त्यांनी गुलाम म्हणून विकत आणलेल्या आफ्रिकन माणसांना. पश्चिम आफ्रिकेत सेनेगल, गांबिया, गिनी, सिएरा लिओन या किनाऱ्यावर गोरे तिथे पोचण्याच्या कितीतरी आधीपासून भात पिकत होतं. आफ्रिकेची स्वतःची भाताची जात आहे, आपल्या आशियातल्या भाताहून वेगळी. तिथले लोक खाडीकाठच्या तिवरांच्या जमिनीला बांध घालून, खारं पाणी बाहेर ठेवून, पावसाच्या पाण्यानं माती धुऊन भात लावत. ऐकायला ओळखीचं वाटतं ना? पुढे २००१ साली ज्युडिथ कार्नी या बाईंनी त्यावर पुस्तकच लिहिलं आणि त्यात एक गोष्ट ठासून सांगितली. आफ्रिकेतल्या पुष्कळ भागांत बियाणं निवडणं, पेरणं, बेणणी करणं, कांडणं, पाखडणं हे बायकांचं काम. म्हणजे जे ज्ञान जहाजातून आलं त्यातलं बरंचसं बायकांचं होतं.

सगळे इतिहासकार हे मान्य करतात असं नाही. २००७ साली काही अभ्यासकांनी जहाजांच्या नोंदी मोजून सांगितलं की चार्ल्सटनला आलेले बहुतेक लोक भात पिकवणाऱ्या भागातले नव्हतेच, आणि मळेवाल्यांनीही स्वतः प्रयोग करून पुष्कळ शिकून घेतलं. ते आकडे मी खोटे म्हणत नाही. पण गावात भात लावायला शिकवायचं तर शंभर बायका लागत नाहीत, चार जाणत्या पुरतात. शिवाय मळेवाल्यांना आफ्रिकेतला भातकिनारा चांगला ठाऊक होता. १७६० सालच्या जाहिरातीत जहाज ‘भातकिनाऱ्या’वरून आलं आहे असं मुद्दाम छापलेलं आहे. ज्याला जे हवं तेच दुकानदार पाटीवर लिहितो.

दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाम देशात, मळ्यांतून पळून जंगलात वस्ती केलेल्या लोकांच्या वंशजांमध्ये अजून सांगतात की आमच्या आजीनं केसांत भाताचे दाणे लपवून आणले. तिथल्या बायका त्या आज्यांची नावं भाताच्या जातींना देतात. मला ती पिशवीवाल्या कप्तानापेक्षा ही केसांतल्या दाण्यांची गोष्ट जवळची वाटते, हे कबूल करते.

डीन हॉल ज्या कूपर नदीच्या काठी आहे, त्याच नदीवर कमिंगटी नावाचा आणखी एक मळा होता. १७५६ साली त्याच्या मालकानं, एलायस बॉल त्याचं नाव, सिएरा लिओनहून आलेल्या जहाजातून चार मुलगे आणि दोन मुली विकत घेतल्या. सहा ते दहा वर्षांची पोरं. वहीत त्यानं त्यांची नावं लिहिली, म्हणजे त्यानंच ठेवलेली, आणि वयं अंदाजानं. त्यातल्या एका मुलीला त्यानं प्रिसिला म्हटलं. वय दहा. तिच्या आईनं तिला काय नावानं हाक मारली असेल, ते कुठल्याच वहीत नाही. ती जगली, तिला मुलं झाली, नातवंडं झाली. मळ्याच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या जपल्या गेल्या, त्यामुळे तिच्या वंशाचा धागा जोडता आला, आणि तिच्या सातव्या पिढीतली बाई २००५ साली सिएरा लिओनला जाऊन आली. तिथल्या लोकांनी तिचं माहेरवाशिणीसारखं स्वागत केलं. अडीचशे वर्षांनी मुलगी घरी आली.

हे सांगताना पुतण्याने विचारलं, “आजी, दहा म्हणजे किती मोठी?” सासूबाईंनी त्याच्या डोक्याच्या वर एक हात ठेवून दाखवलं. नंतर बराच वेळ होडीत कुणी बोललं नाही.

काम कसं होतं तेही सांगते, कारण आपल्यापैकी प्रत्येकीच्या कमरेला ते कळेल. मळ्यावर रोजचं काम नेमून दिलेलं असे. खोदायला किंवा बेणायला पाव एकर, म्हणजे आपले दहा गुंठे, एका माणसाला एका दिवसात. बाई असो की पुरुष. ते संपलं तर उरलेला वेळ आपला. त्या उरलेल्या वेळात लोक स्वतःची भाजी लावत, कोंबड्या पाळत, टोपल्या विणत. नाही संपलं तर चाबूक. पेरणीच्या वेळी बायका अनवाणी चालत आणि टाचेनं बी मातीत दाबत, ही रीत आफ्रिकेतली. मग शेतात पाणी घ्यायचं, काढायचं, परत घ्यायचं. गुडघाभर पाण्यात, सापांत, डासांत. उन्हाळ्यात मलेरियाच्या भीतीनं मालक मंडळी मळा सोडून चार्ल्सटनला हवेशीर वाड्यांत राहायला जात आणि भात राखायला मागे उरत ती हीच माणसं. या मळ्यांवर जन्मलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मोठी होण्याआधीच दगावत, असं अभ्यासकांनी काढलं आहे.

पुढे अठराव्या शतकात शेती नदीच्या अगदी काठाला आली. दीरांनी मोबाइलवर जुन्या शेतांची चित्रं दाखवली. त्यात बांधाच्या पोटात लाकडी पेटी आणि दोन टोकांना वरखाली होणारी दारं. सासूबाई म्हणाल्या, “उघाडी.” बरोबर, उघाडीच. फक्त कारभार उलटा. आपल्या उघाडीतून पावसाचं पाणी बाहेर जातं आणि भरतीचं खारं पाणी आत येऊ नये म्हणून दार मिटतं. तिथे भरती आली की ती नदीचं गोडं पाणी मागे लोटते, गोडं पाणी हलकं म्हणून वर राहतं, आणि नेमकं ते दार उघडून आत घेतात. ओहोटीला सोडून देतात. अंदाज चुकला आणि खारट पाणी आत आलं तर पीक गेलं. आधीच्या काळात ही पेटी नसे, सायप्रसचं पोकळ खोड बांधात घालून बूच मारत. त्या नदीच्या एका फाट्यावर, साधारण वीस किलोमीटरच्या टप्प्यात, इ.स. १८०० पर्यंत बांधांची लांबी अठ्ठ्याऐंशी किलोमीटरच्या वर गेली होती, असं एका पुरातत्त्व अभ्यासकानं मोजलं. फावड्यांनी आणि टोपल्यांनी.

दलदलीबद्दल एक सांगायचं राहिलं. मळ्यातून पळालेले लोक याच दलदलीत लपत. जिथे घोडा जात नाही, कुत्र्याला वास लागत नाही, तिथे. जी जागा मालकाला भीतीची, ती यांना आसऱ्याची.

दुपारी चार्ल्सटनला पोचलो. गाव देखणं आहे, खोटं कशाला बोलू. रंगीत घरं, लांब ओसऱ्या, दगडी रस्ते. जेवायला एका ठिकाणी तांबडा भात आणि चवळीभात होता. दोन्हींत डुकराचं मांस घालतात, म्हणून आम्ही डबा काढला. पण चवळीभात बघून सासूबाईंना इतकं बरं वाटलं! चवळी मूळची आफ्रिकेतलीच, फार जुन्या काळी आपल्याकडे आलेली. कणीबद्दलही तिथे ऐकलं. अख्खा तांदूळ जहाजानं परदेशी जाई आणि कांडताना मोडलेली कणी कामकऱ्यांच्या हंडीत. आपल्याकडेही चांगला तांदूळ बाजारात आणि कणी घरात, असं वर्षानुवर्षं झालंच आहे.

बंदराजवळ गॅड्सडेनचा धक्का आहे. आफ्रिकेतून आलेली जहाजं इथे लागत. अमेरिकेत गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकन लोकांपैकी सुमारे चाळीस टक्के चार्ल्सटनमार्गे आले असं मानतात. १८०८ सालापासून कायद्यानं ही आयात बंद झाली, पण देशातल्या देशात विक्री चालूच राहिली. त्या धक्क्यावर २०२३ साली आफ्रिकन अमेरिकन लोकांच्या इतिहासाचं मोठं संग्रहालय उघडलं. इमारत खांबांवर उचललेली आहे, त्या जमिनीवर पाय ठेवायचा नाही म्हणून असेल. खाली फरशीवर माणसांच्या आकृत्या कोरल्या आहेत, जहाजाच्या तळात झोपवत तशा, एकीला एक चिकटून. त्यांच्यावर पाणी हळूहळू चढतं आणि उतरतं. सासूबाईंनी चप्पल काढून ठेवली. मीही काढली.

चॅमर्स स्ट्रीटवर जुना गुलामबाजार आहे, आता तेही संग्रहालय. १८५६ साली भररस्त्यात माणसांचे लिलाव करायला गावानं बंदी घातली, तेव्हा व्यापाऱ्यांनी तो लिलाव भिंतीआड नेला, तीच ही जागा. बंदी कशासाठी? तर रस्त्यात बरं दिसत नाही म्हणून.

मग आम्ही बाजारात गेलो. लांबच लांब शेड, आपल्या आठवडे बाजारासारखी, आणि तिथे टोपल्या विणणाऱ्या बायका. या टोपल्यांसाठीच मी ही सगळी गोष्ट सांगायला घेतली. स्वीटग्रास नावाच्या गवताची जुडी करून तिचं वेटोळं घालत जायचं आणि पाल्मेटोच्या झाडाच्या पातीनं ते शिवत जायचं. सुईच्या जागी चमच्याचा दांडा घासून केलेलं हत्यार. मुली आईकडून शिकतात, आई आजीकडून. पश्चिम आफ्रिकेत आजही अशाच टोपल्या विणतात. सासूबाई एका ताईंसमोर थांबल्या. ताई त्यांच्याच वयाच्या. मागे एक मोठी, पसरट, कमी काठाची टोपली टांगली होती. सासूबाईंनी दीरांना म्हटलं, “सूप हाय त्ये. बघ विचारून.”

विचारलं. सूपच होतं. मळ्यावर भात पाखडायला वापरत ती पहिली टोपली, आणि बाकीच्या सगळ्या शोभेच्या टोपल्या नंतरच्या. भात गेलं तेव्हा हे विणकाम बुडायला हवं होतं. पण विसाव्या शतकात, १९३०च्या सुमाराला, नदीपलीकडच्या माउंट प्लेझंट गावातल्या बायकांनी हमरस्त्याच्या कडेला टपऱ्या टाकून मोटारवाल्यांना टोपल्या विकायला सुरुवात केली, आणि कला तगली. आता ती राज्याची अधिकृत हस्तकला आहे. मेरी जॅक्सन या विणकर बाईंना २००८ साली देशातली फार मोठी पाठ्यवृत्ती मिळाली. अडचण एकच, गवत. किनाऱ्यावर बंगले आणि हॉटेलं झाली, तिथे कुंपणं आली, आणि गवत कापायला जागा उरली नाही.

सासूबाईंनी हातवारे करून सूप धरायची, झटकायची रीत दाखवली. त्या ताईंनी तशीच दाखवली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. किंमत ऐकून मात्र आम्ही सूप घेतलं नाही, साठ डॉलरची एक छोटी टोपली घेतली.

या गावच्या बाजारात दोनअडीचशे वर्षांपूर्वीही अशाच बायका बसत. गुलाम होत्या, तरी भाजी, फळं, मासळी, भाकरी विकत. मालकाला ठरलेला पैसा देऊन वरचा आपल्याकडे ठेवत. गोऱ्या लोकांच्या तक्रारी नोंदलेल्या आहेत, की या बाया भाव ठरवतात, माल आधीच उचलतात, उलट बोलतात. पुढे गुलामांना मालकाबाहेर कामाला लावायचं तर तांब्याचा बिल्ला घ्यावा लागे, त्यावर नंबर आणि काम कोरलेलं. नोकर, हमाल, फळविक्रेता, कोळी. नाव नाही.

लिहिण्याचंच म्हणाल तर १७३९ साली चार्ल्सटनजवळ स्टोनो नदीवर गुलामांचं बंड झालं, आणि पुढच्याच वर्षी कायदा आला की गुलामाला लिहायला शिकवणं गुन्हा. म्हणून भात कुणी शिकवलं याची नोंद शिकवणाऱ्यांनी केली नाही. वही होती मालकाकडे.

पण बघा, कागद कुठून कुठून सापडतो. अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना, जून १८६३ मध्ये, हॅरिएट टबमन नावाची बाई कृष्णवर्णीय सैनिकांच्या तुकडीबरोबर रात्री कॉम्बाही नदीत शिरली. ती स्वतः गुलामीतून पळालेली. त्या नदीकाठच्या भाताच्या मळ्यांतून एका रात्रीत सातशेहून अधिक माणसं बोटीत चढून मोकळी झाली. टबमन सांगायची, की एक बाई चुलीवरून उतरवलेला, वाफा निघणारा भात डोक्यावर घेऊन धावत आली होती. मला ती बाई फार पटते. पळायचं तर उपाशी कशाला?

ही माणसं कोण, हे ठाऊक नव्हतं. एडा फील्ड्स-ब्लॅक या इतिहासकार बाईंनी ते शोधलं, आणि कुठे, तर पेन्शनच्या फायलींत. सैनिकांच्या विधवांनी पेन्शन मागितली तेव्हा लग्नाचा कागद द्या, जन्माचा कागद द्या, असं झालं. गुलामांच्या लग्नाचा कागद कुठला असणार? मग शेजारणी साक्षीला उभ्या राहिल्या. आम्ही एका मळ्यावर वाढलो, हिचं लग्न अमक्या भातकापणीनंतर झालं, हिचं मूल अमक्या साली गेलं. त्या साक्षींतून बाईंनी माणसं नावानिशी उभी केली. त्यात त्यांचे स्वतःचे पूर्वजही निघाले. त्या पुस्तकाला २०२५ साली पुलित्झर पारितोषिक मिळालं. आपल्या गटातल्या एका ताईच्या निराधार योजनेच्या कागदांसाठी आपण किती खेटे घातले, कुणाकुणाच्या सह्या घेतल्या, ते आठवा. मी तेव्हा किती वैतागले होते. आता त्या अर्जाची झेरॉक्स मी फाइलला जपून लावली आहे.

आणखी एक, कारण हे आपल्या कामाचं आहे. चार्ल्सटनजवळ जॉन्स आयलंड नावाचं बेट आहे. तिथे १९५७ साली प्रौढांचा साक्षरता वर्ग सुरू झाला, कारण मतदार यादीत नाव घालायचं तर वाचून दाखवावं लागे. पुढे सहकारी दुकान, मागच्या खोलीत वर्ग, म्हणजे कुणाला संशय नको. कल्पनेमागे सेप्टिमा क्लार्क या चार्ल्सटनच्या शिक्षिका, ज्यांची नोकरी आदल्याच वर्षी संघटनेत असल्यामुळे गेली होती. शिकवायला बर्निस रॉबिन्सन, धंद्यानं केस करून देणाऱ्या. त्यांनी पहिल्याच दिवशी शिकणाऱ्यांना विचारलं, तुम्हाला काय यायला हवंय? लोक म्हणाले, सही, मनिऑर्डरचा फॉर्म भरणं, बायबल वाचणं. तिथून सुरुवात केली. असे वर्ग मग सगळ्या दक्षिणेत पसरले.

रात्री परतताना पुतण्या झोपला होता. सासूबाईंनी टोपली मांडीवर घेतली होती. म्हणाल्या, “काठ उंच हाय. ह्यात पाखडता नाय येणार.” मग थोड्या वेळानं, “पर शिवण चांगली हाय.”

घरी आल्यावर गटाच्या सभासदांची माहिती नव्यानं भरायची होती. व्यवसायाच्या रकान्यापाशी मी थांबले आणि सासूबाईंना विचारलं, काय लिहू? त्यांना वाटलं मी चेष्टा करते. मग सांगू लागल्या. रहू कधी टाकायचा, मोड किती आला म्हणजे पुरे. खाऱ्या जमिनीत कुठलं बियाणं तग धरतं. खांड पडली तर पेंढा आधी की माती आधी. उघाडीचं दार कधी अडकतं. रकाना दोन बोटांचा होता. मी कागदाची मागची बाजू वापरली, तीही पुरली नाही.

पुढच्या मंगळवारी याच वेळेला सासूबाई स्वतः आपल्या रेडिओवर येणार आहेत, खांड कशी बांधायची ते सांगायला. माईकची भीती वाटते म्हणतात, म्हणून मी शेजारी बसणार आहे. तुमच्या गावातल्या ज्या आजींना खारबांधाचं काम येतं त्यांना त्या दिवशी रेडिओजवळ बसवा, आणि त्यांचं काही वेगळं म्हणणं असेल तर लिहून घेऊन गटाच्या बैठकीत माझ्याकडे द्या. आजींचं नाव वर लिहायला विसरू नका.